वार्षिक अहवाल ऑफिसातच छापताना: प्रॉडक्शन प्रिंटरवर जॉब कसा पाठवावा आणि कसा सांभाळावा

मिनिटाला १०० पाने काढणारे मशीन ऑफिसात आले की सगळे वेगाबद्दल बोलतात. पण त्या वेगाने चुकीची पानेही तितकीच भराभर निघतात. चूक लक्षात यायला पाच मिनिटे लागली तर ५०० पाने रद्दीत गेलेली असतात. फाइल उघडायची, प्रिंट दाबायचे आणि काय येते ते बघायचे, ही टेबलावरच्या छोट्या प्रिंटरची सवय इथे फार महाग पडते. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच पद्धतीवर आहे. जॉब, म्हणजे छपाईला पाठवलेले काम, आधी होल्डमध्ये (न छापता रांगेत थांबवून) ठेवायचा, एक पूर्ण प्रत काढून ती हातात घेऊन पानोपान तपासायची आणि मगच प्रतींचा आकडा टाकून जॉब सोडायचा.

उदाहरणासाठी मुंबईतल्या पतसंस्थांच्या ओळखीचे काम घेतो, वार्षिक अहवाल. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, लेखापरीक्षण होते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सभेची सूचना सभासदांना पूर्ण १४ दिवस आधी मिळायला हवी, आणि अहवाल तिच्यासोबत जायचा असेल तर छपाईची खरी मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपते. त्याच सुमारास गणेश मंडळांच्या स्मरणिका आणि पावतीपुस्तकांनी फोर्ट, गिरगाव, लोअर परळकडचे छापखाने भरलेले असतात. मुख्य कार्यालयात स्वतःचे मशीन असलेल्या संस्था हे काम आतच उरकतात. नेमक्या याच दिवसांत मुंबईची हवा सर्वांत दमट असते. हा मुद्दा कागदाच्या वेळी येईलच.

आपले काम असे धरू: ए४ आकार, आत ४८ काळी-पांढरी पाने, वर चार पानी रंगीत कव्हर, मधोमध दोन पिना, १,२०० प्रती.

आधी कागदावर हिशोब

ए४ पुस्तिकेला मध्ये पिन मारायची म्हणजे छपाई ए३ कागदावर होणार. एका ए३ कागदावर पुढे दोन आणि मागे दोन अशी चार पाने बसतात. ४८ पानांना १२ कागद. १,२०० प्रतींना १४,४०० कागद, म्हणजे ५०० च्या रिमने जवळजवळ २९ रिम. प्रूफ (तपासणीची प्रत), जाम (मशीनमध्ये अडकलेला कागद) आणि सुरुवातीची खराबी धरून ३१ रिम मागवा. कव्हरचे १,२०० कागद वेगळे, त्यावरही थोडे जास्त.

आता वेळ. मशीनवर लिहिलेला वेग ए४ च्या एका बाजूचा असतो. आपल्याला १,२०० गुणिले ४८, म्हणजे ५७,६०० बाजू छापायच्या आहेत. मिनिटाला १०० ने भागले की ५७६ मिनिटे होतात. ट्रे भरणे, जाम काढणे, पिनांची कार्ट्रिज बदलणे, तयार प्रती उचलणे यांतले काहीही न धरता हे साडेनऊ तास झाले. संचालक मंडळाच्या बैठकीत कोणी ‘संध्याकाळपर्यंत होऊन जाईल’ म्हणाले, तर हा आकडा पुढे ठेवा. या कामाला कामकाजाचे दोन पूर्ण दिवस आणि तिसरा राखीव, असे धरलेले बरे.

त्याच बैठकीत क्लिकचाही हिशोब मांडा. देखभाल करार बहुधा क्लिकवर असतो, म्हणजे छापलेल्या प्रत्येक बाजूमागे ठरलेले पैसे. रंगीत क्लिकचा दर काळ्यापेक्षा बराच जास्त. ए३ ची एक बाजू कित्येक करारांत दोन क्लिक मोजली जाते. आपल्या करारात काय लिहिले आहे ते एकदा वाचून ठेवा.

यात एक खर्च सहज नजरेआड होतो. पानावर एक शब्द जरी रंगीत असला तरी मशीन ते पूर्ण पान रंगीत मोजते. वर्डमध्ये ईमेलचा किंवा वेबसाइटचा पत्ता टाइप केला की तो आपोआप निळा आणि अधोरेखित होतो. संस्थेचा पत्ता प्रत्येक पानाच्या तळाशी असेल तर ४८ च्या ४८ पाने रंगीत झाली. काही फाइलींत डोळ्यांना काळा दिसणारा मजकूरही प्रत्यक्षात चार शाई मिसळून केलेला असतो. आतल्या पानांचा जॉब सेट करताना कलर मोड ग्रेस्केल किंवा ब्लॅक केला की दोन्ही प्रश्न सुटतात.

फाइल मशीनपर्यंत जाण्याआधी

वर्डची फाइल मशीनच्या संगणकावर कधीच नेऊ नका. फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, एक ओळ पुढच्या पानावर गेली की पुढचे सगळे तक्ते विस्कटतात. कधी मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे होतात. ज्या संगणकावर अहवाल तयार झाला त्याच संगणकावर पीडीएफ करा आणि ती पुढे पाठवा.

मराठी फाइलींत फॉन्टची तपासणी टाळून चालत नाही. अनेक संस्थांचे जुने मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात, नवे युनिकोडमध्ये, आणि अहवालात दोन्ही एकत्र येतात. जुना फॉन्ट पीडीएफमध्ये बसवलेला नसेल तर अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ छापून येतो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असे जा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेले हवे. एकापुढे जरी नसेल तरी पीडीएफ पुन्हा बनवा.

युनिकोड मजकुराची अडचण वेगळी. फॉन्ट बसलेला असतो, पण पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने जोडाक्षरे नीट जुळवलेली नसतात. मग ‘स्थिती’ची वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, ‘वर्ष’चा रफार सुटतो, ‘दुसऱ्या’तला र तुटतो. पडद्यावर ४८ पाने वाचताना हे निसटते. फाइंडमध्ये शोधूनही मिळत नाही. स्थिती, वर्ष, क्षेत्र, ज्ञान, श्री, दुसऱ्या असे शब्द जिथे जिथे आहेत त्या जागा मुद्दाम मोठ्या करून बघा. अध्यक्ष आणि संचालकांची नावे तर अक्षरन् अक्षर. नाव चुकलेला अहवाल सभेत कोणी विसरत नाही, आणि त्या माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

मध्ये पिन असलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात. मजकूर ४६ पानांचा झाला तर दोन कोरी पाने कुठे येणार ते तुम्ही ठरवा. ठरवले नाही तर मशीन ती शेवटी टाकेल. तिथे ‘टिपणे’ असा मथळा देऊन ओळी आखल्या तर सभासदांना सभेत लिहायला उपयोग होतो.

ताळेबंद समोरासमोरच्या दोन पानांवर घ्यायचा असेल, डावीकडे भांडवल व देणी आणि उजवीकडे मालमत्ता व येणी, तर डावे पान सम क्रमांकाचे हवे. हे चुकले की देणी एका पानावर आणि मालमत्ता पान उलटल्यावर, असा ताळेबंद हाती येतो. आडवे तक्ते असतील तर सगळ्यांचा माथा पानाच्या डाव्या कडेला येईल असे फिरवून ठेवा, म्हणजे पुस्तिका प्रत्येक वेळी एकाच बाजूला वळवावी लागते.

डिझायनरकडून फाइल आली असेल तर ती एकेका पानाची, १ ते ४८ अशा क्रमाने मागा. काही जण जोडपाने करून पाठवतात, काही जण पुस्तिकेच्या क्रमानेच मांडून. मशीनचा बुकलेट मेकर ती पुन्हा मांडतो आणि पानांचा क्रम पूर्ण बिघडतो. मांडणी एकदाच आणि ती मशीनवर. कव्हरला कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारा जास्तीचा रंग, हवे, आणि कव्हर ३२० बाय ४५० मिलिमीटरच्या एसआरए३ कागदावर छापून कापावे लागेल.

पावसाळ्यातला कागद

मुंबईत जुलै ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता कित्येकदा ८० टक्क्यांच्या वर असते. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. कागदाने ओल धरली की टोनर (पावडरची शाई) त्यावर नीट बसत नाही. ओलसर कागदातून विद्युतभार गळतो, आणि टोनर कागदावर ओढला जातो तो त्या भारानेच. मग ठळक मथळ्यांत फिकट डाग दिसतात. पुढे फ्युझरच्या, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाच्या, उष्णतेत ती ओल वाफ होऊन बाहेर पडते, कागद वळतो, त्याला चुण्या पडतात आणि तो घडी घालून पिना मारणाऱ्या फिनिशरमध्ये अडकतो. पावसाळ्यातल्या जामसाठी मशीनला दोष देण्याआधी कागदाची कड बघा. कड लाटांसारखी झाली असेल तर कागदाने ओल घेतली आहे.

म्हणून रिम किमान एक दिवस आधी मशीनच्याच खोलीत आणून ठेवा, पण वेष्टन फोडू नका. जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा. लागेल तेवढीच रिम फोडा. संध्याकाळी एसी बंद होणार असेल तर ट्रेमध्ये उरलेला कागद काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. एसी बंद झालेल्या खोलीत रात्रभर उघडा राहिलेला गठ्ठा सकाळी हमखास त्रास देतो. मशीनच्या ट्रेला हीटर असेल तर तो चालू आहे ना ते सर्व्हिस इंजिनियरला विचारून घ्या. रिमच्या वेष्टनावर बाण असेल तर तो कोणती बाजू आधी छापायची ते सांगतो. सगळी रिम एकाच दिशेने लावा.

आतल्या पानांना ७० किंवा ७५ जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) पुरतो, ८० घेतला तर मागचा मजकूर पुढे कमी दिसतो. कव्हरला २०० ते २५० जीएसएमचा आर्ट कार्ड. आर्ट कार्ड घेताना तो लेझरसाठी चालणारा आहे ना हे दुकानदाराला विचारा. ऑफसेटसाठीचा काही कोटेड कागद फ्युझरच्या उष्णतेत फोड धरतो. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीच्या समांतर हवा, म्हणजे ए३ मध्ये तो २९७ मिलिमीटरच्या बाजूला धावणारा. आडव्या ग्रेनचे जाड कव्हर घडीवर तडकते आणि टोनर सुटून पांढरी रेघ उमटते.

ट्रे भरल्यावर पॅनेलवर कागदाचा आकार, वजन आणि प्रकार खरा टाका. हे आकडे नुसत्या नोंदीसाठी नसतात. त्यावरून मशीन फ्युझरचे तापमान आणि वेग ठरवते. २५० जीएसएमचा कार्ड ‘साधा’ म्हणून लावला तर टोनर नीट भाजला जात नाही आणि नखाने निघतो.

जॉब कुठून पाठवायचा

बहुतेक प्रॉडक्शन मशीनला फायरीसारखा स्वतंत्र कंट्रोलर (जॉब घेऊन छपाईसाठी तयार करणारा संगणक) जोडलेला असतो, आणि ऑपरेटरच्या संगणकावर कमांड वर्कस्टेशनसारखे सॉफ्टवेअर. जॉब पाठवायच्या वाटा साधारण तीन. आपल्या संगणकावरून प्रिंट ड्रायव्हरने, वर्कस्टेशनमध्ये पीडीएफ इम्पोर्ट करून, किंवा हॉट फोल्डरमध्ये फाइल टाकून.

ड्रायव्हर रोजच्या पत्रांसाठी आणि दहा-वीस पानांच्या कामासाठी ठीक आहे. अहवालासारख्या कामाला मी इम्पोर्टच सुचवेन. त्यात मधले कोणतेही सॉफ्टवेअर फाइलला हात लावत नाही, आणि सगळ्या सेटिंग एका जागी, ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर राहतात. हॉट फोल्डर म्हणजे ठरलेल्या सेटिंगचा फोल्डर, फाइल टाकली की त्या सेटिंगने जॉब तयार. दर महिन्याला त्याच स्वरूपात निघणाऱ्या कामाला तो उत्तम. पण त्याचे शेवटचे टोक ‘प्रिंट’ला न जोडता ‘होल्ड’ला जोडा. चुकीची फाइल टाकली गेली तरी ती रांगेत थांबून राहील.

फाइलचे नाव रोमन अक्षरांत ठेवा, कारण काही पॅनेलवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात आणि कोणता जॉब कुणाचा ते कळत नाही. नावात तारीख, काम आणि आवृत्ती हवी. ‘फायनल’, ‘फायनल नवी’ आणि ‘फायनल शेवटची’ अशा तीन फाइली रांगेत असतील तर त्यातली चुकीची कधीतरी छापली जाणारच. नवी आवृत्ती आली की जुनी त्याच क्षणी डिलीट करा.

होल्डमध्ये सेटिंग, मग प्रोसेस

इम्पोर्ट करताना ‘होल्ड’ निवडा. जॉब रांगेत येईल, पण छापला जाणार नाही. आता जॉब प्रॉपर्टीज उघडा आणि या क्रमाने जा.

प्रती: सध्या १. खरा आकडा शेवटी टाकायचा.

आकार: मूळ पान ए४, छपाईचा कागद ए३. स्केलिंग १०० टक्के. ‘फिट टू पेज’ लागलेले असेल तर मजकूर नकळत लहान होतो.

बुकलेट: सॅडल स्टिच (घडीवर मारलेल्या पिना), बांधणी डावीकडून. क्रीपची भरपाई चालू ठेवा. १२ कागद एकात एक घडी केले की मधली पाने बाहेर सरकतात. आपल्या जाडीला ते सुमारे एक मिलिमीटर होते, आणि पुढची कड कापल्यावर मधल्या पानांचा बाहेरचा समास तेवढा कमी होतो.

फिनिशिंग: मध्ये घडी, दोन पिना, असेल तर पुढची कड कापणे. फिनिशर किती कागदांना पिन मारू शकतो ते मशीनच्या माहितीत बघा. आपले १२ आणि कव्हर मिळून १३ कागद आहेत.

रंग: ग्रेस्केल. ट्रे: नेमका ट्रे निवडा, ‘ऑटो’ नको. ऑटोवर असले की एक ट्रे रिकामा होताच मशीन त्याच आकाराच्या दुसऱ्या ट्रेकडे वळते, आणि तिथे वेगळ्या जातीचा कागद असला तर प्रती मध्येच पिवळट दिसू लागतात.

कव्हर त्याच जॉबमध्ये जाड कागदाच्या ट्रेमधून छापता येते. पण प्रत्येक प्रतीला जाड आणि पातळ, रंगीत आणि काळे असा बदल झाला की मशीन वारंवार तापमान जुळवत थांबते आणि वेग बराच पडतो. १,२०० प्रतींना ते परवडत नाही. कव्हर आदल्या दिवशी वेगळ्या जॉबमध्ये छापून घ्या आणि फिनिशरच्या इन्सर्टर ट्रेमध्ये लावा. इन्सर्टरमधला कागद फ्युझरमधून जात नाही, त्यामुळे छापलेले कव्हर दुसऱ्यांदा तापत नाही. कव्हरची कुठली बाजू वर आणि कुठली कड आत हे मात्र एकच कव्हर लावून आधी बघा. रंगीत छपाईच्या दिवशी सकाळी कॅलिब्रेशन (मशीनच्या रंगांची जुळणी) करून घ्या, नाहीतर बोधचिन्हाचा भगवा सकाळी एक आणि दुपारी दुसरा येतो.

आता ‘प्रोसेस अँड होल्ड’ द्या. याला ऑपरेटर लोक ‘रिप करणे’ म्हणतात. कंट्रोलर पीडीएफचे छापायच्या ठिपक्यांत रूपांतर करतो. झाले की प्रिव्ह्यू उघडा. इथे दिसते तेच कागदावर येणार. पीडीएफमध्ये नीट दिसलेली जोडाक्षरे इथेही नीट आहेत का, आणि पानांची मांडणी बरोबर आहे का ते बघा. पुस्तिकेच्या सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला पान ४८ आणि पान १ शेजारी दिसायला हवेत.

एक प्रत, दोन माणसे

‘प्रूफ प्रिंट’ द्या आणि एक पूर्ण प्रत काढा, घडी, पिन, कव्हर सगळ्यासकट. नुसती सुटी पाने काढून तपासणे पुरेसे नाही. पानांचा क्रम, पिनेची जागा आणि समास बांधलेल्या प्रतीतच कळतात.

ती प्रत दोघांनी बघावी. ऑपरेटर छपाई बघेल: पुढची आणि मागची बाजू उजेडात धरल्यावर तक्त्यांच्या रेघा एकमेकींवर बसतात का, पिन नेमकी घडीवर आहे का, टोनर बोटाला लागतो का. सरकलेल्या रेघा ट्रे अलाइनमेंटने दुरुस्त होतात. लेखा विभागातले कोणीतरी मजकूर बघेल: बेरजा, ताळेबंदाची दोन्ही पाने समोरासमोर, सभेची तारीख, वार, वेळ आणि सभागृहाचा पत्ता. तारीख आणि वार जुळतात का हे कॅलेंडर उघडून बघा, अंदाजाने नको.

तपासून झाले की कव्हरवर ‘छापण्यास मंजूर’ लिहून दोघांनी तारखेसह सही करावी आणि ती प्रत मशीनशेजारी ठेवावी. पुढचे दोन दिवस प्रत्येक शंका त्या प्रतीशी ताडून सोडवायची. हा नियम मी कोणत्याही घाईत मोडू देणार नाही. मुदत कितीही जवळ आली असली तरी प्रूफ वाचायला लागणारा तासभर तुमच्याकडे असतो, १४,४०० कागद पुन्हा छापायला दोन दिवस नसतात.

१०० प्रतींच्या खेपा

आता प्रती वाढवा, पण १,२०० नको. १०० टाका. एक खेप साधारण ४८ मिनिटांची, आणि अशा बारा खेपा. जॉब प्रोसेस झालेला असल्यामुळे प्रत्येक खेपेला पुन्हा रिप करावे लागत नाही, लगेच सुटतो. फायदा असा की बिघाड झाला तर तो कुठल्या खेपेत हे माहीत असते, आणि मोजणीही सोपी जाते. प्रत्येक खेपेच्या मधून एक प्रत उचलून शेवटच्या पानापर्यंत चाळा.

सॅडल स्टिचच्या बाहेरच्या पट्ट्यावर थोड्याच प्रती मावतात. त्यामुळे हे काम रात्री चालू ठेवून घरी जाण्यासारखे नाही. एक माणूस प्रती उचलायला आणि ट्रे भरायला कायम हवा. दोघांनी पाळी लावली तर जेवणाच्या वेळीही मशीन थांबत नाही.

सुरू करण्यापूर्वी टोनर, सॅडल स्टिचच्या पिना आणि वाया गेलेला टोनर जमा होणारा डबा हे तिन्ही बघा. १,२०० प्रतींना २,४०० पिना लागतात. तो डबा भरला की टोनर शिल्लक असूनही मशीन थांबते, आणि नवा डबा कपाटात नसेल तर सर्व्हिसच्या माणसाची वाट बघण्यावाचून दुसरे काही हातात राहत नाही.

इतरांचे जॉब याच मशीनवर

अहवाल छापला जातो म्हणून ऑफिसची बाकी कामे थांबत नाहीत. वसुली विभागाला नोटिसा हव्या असतात, एखाद्या शाखेला कर्जाचे अर्ज. या दोन दिवसांपुरते रांगेचे अधिकार एकाच माणसाकडे द्या. तातडीचे काम दोन खेपांच्या मध्ये ‘प्रिंट नेक्स्ट’ने घ्या, चालू खेप मधेच थांबवून नको. थांबवली की फिनिशरमध्ये अर्धवट प्रत राहते आणि मोजणी बिघडते.

कंट्रोलरमध्ये ‘सस्पेंड ऑन मिसमॅच’ ही सोय असेल तर ती चालू करा. एखाद्याने लीगल आकाराची फाइल पाठवली आणि तो कागद ट्रेमध्ये नसला, तर एरवी अख्खी रांग त्या एका जॉबपाशी अडते. ही सोय चालू असली की तो जॉब बाजूला ठेवला जातो आणि मागचे पुढे सरकतात.

कर्मचाऱ्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. पहिली, प्रिंट आली नाही म्हणून पुन्हा पुन्हा प्रिंट दाबू नये. जॉब रांगेत थांबलेला असतो, आणि पाच वेळा दाबले की पाच जॉब तयार होतात. दुसरी, आपल्या संगणकाच्या प्रिंट यादीतून जॉब काढला म्हणजे तो रद्द झाला असे नाही. कंट्रोलरवर पोहोचलेला जॉब तिथूनच रद्द करावा लागतो. छपाई सुरू झाली असेल तर आधी पॅनेलवर स्टॉप दाबा, मग रांगेतून कॅन्सल करा. मेन स्विच बंद करून जॉब थांबवणे सर्वांत वाईट. तापलेल्या फ्युझरमध्ये कागद अडकून राहतो आणि कंट्रोलरची डिस्क खराब होऊ शकते.

जाम झाला तर

पॅनेल दाखवेल त्याच क्रमाने झाकणे उघडा. कागद जातो त्या दिशेनेच दोन्ही हातांनी सावकाश ओढा. फाटला तर तुकडे जुळवून पूर्ण कागद मिळाला याची खात्री करा, कारण आत राहिलेला बोटभर तुकडा पुढचे दहा जाम घडवतो. फ्युझरचा भाग खूप तापलेला असतो, तिथे घाई नको.

जाम निघाल्यावर मशीन स्वतःहून पुढे चालू होते, पण त्या वेळी फिनिशरमध्ये असलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका. तिच्यात एखादा कागद दुबार असतो किंवा गळालेला. ती प्रत आणि तिच्या आधीची-नंतरची एकेक बाजूला काढा, मंजूर प्रतीशी पान ताडा, जुळली तरच गठ्ठ्यात घाला. सभासदाच्या हाती १३-१४ आणि ३५-३६ ही पाने नसलेला अहवाल जातो तो बहुधा याच क्षणी.

एकाच जागी पुन्हा जाम होत असेल तर थांबा. ट्रेमधला कागद काढून उलटा लावून बघा, नवी रिम फोडून बघा. तरीही होत असेल तर रोलरचे काम आहे, इंजिनियरला जामचा कोड सांगून बोलवा.

सभासदाच्या नावाची सूचनापत्रे

अहवालासोबत प्रत्येक सभासदाचे नाव आणि खातेक्रमांक असलेले पत्र जायचे असेल तर ते मेल मर्ज करून, म्हणजे यादीतली नावे पत्राच्या नमुन्यात आपोआप भरून, एकाच मोठ्या पीडीएफमध्ये घ्या. पहिले, शेवटचे आणि मधली काही पत्रे यादीशी ताडा. इथेही १००-१०० च्या टप्प्यांत पानांची मर्यादा देऊन छापा. जाम झाला की कोणत्या क्रमांकापासून पुढे चालू करायचे ते लगेच कळते, आणि एकाला दोन पत्रे, दुसऱ्याला एकही नाही, असे होत नाही.

काम संपल्यावर

२५ प्रतींचे गठ्ठे करा, शाखेचे नाव लिहा, ब्राउन पेपरवर प्लॅस्टिक गुंडाळा. कुर्ला किंवा ठाण्याच्या शाखेपर्यंत टेम्पो पावसातून जाणार आहे आणि आर्ट कार्ड भिजले की कव्हरे एकमेकांना चिकटतात. किती गठ्ठे कुठे गेले याची नोंदवही ठेवा आणि पोहोच घ्या.

काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा मीटर रीडिंग लिहून घ्या, काळे आणि रंगीत वेगळे. महिन्याच्या बिलात रंगीत क्लिक कव्हरच्या हिशोबापेक्षा फार जास्त दिसले तर आतली पाने रंगीत मोजली गेली आहेत, आणि रीडिंग लिहिलेले असेल तर ते त्याच आठवड्यात पकडता येते. जॉबची सेटिंग प्रीसेट म्हणून जतन करा, पुढच्या वर्षी फक्त फाइल बदलायची. मूळ पीडीएफ संस्थेच्या सर्व्हरवर ठेवा, आणि कंट्रोलरच्या होल्ड आणि प्रिंटेड या दोन्ही रांगांतून अहवाल व सूचनापत्रे डिलीट करा. त्यांत सभासदांची नावे आणि खातेक्रमांक आहेत, आणि मशीनपाशी दिवसभर कोणीही ये-जा करत असतो.